संगणक नवा झाला; फोटो, गाणी आणि आवाज कुठे गेले?



कांद्याची चाळ कशी बांधावी, उसाचा खोडवा कसा राखावा, डाळिंबावरचा तेल्या कसा ओळखावा, अशा विषयांवर या सदरात आपण नेहमी बोलतो. आजचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. परंतु आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव फिरताना हा प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो, म्हणून मुद्दाम घेतला आहे.

"साहेब, पोराने कॉम्प्युटर नवा करून आणला आणि त्यातले सगळे फोटो गेले," असे कोणी सांगते. कोणाच्या मुलीच्या लग्नाची चित्रफीत दिसत नाही. कोणी हरिनाम सप्ताहातली दहा वर्षांची कीर्तने भरून ठेवली होती, ती सापडत नाहीत. पारनेर तालुक्यातल्या एका माउलीची अडचण तर याहून मोठी होती. तिच्या सासूबाईंनी जात्यावर म्हटलेल्या अकरा ओव्या नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. सासूबाई आज हयात नाहीत. सिनेमाची गाणी पुन्हा मिळतील, पण तो आवाज कोणत्या बाजारात मिळणार?

हा प्रश्न आताच का वाढला, तेही सांगतो. बहुतेक घरांतील संगणक विंडोज १० या प्रणालीवर चालत. तिला नेहमीचा आधार देणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे पुष्कळांनी विंडोज ११ घातले, कोणी नवा संगणक घेतला, तर कोणी तालुक्याच्या दुकानातून जुनाच यंत्रसंच 'साफ करून' आणला. बदल करणे चुकीचे नाही. पण बदल करताना घरातला ठेवा कुठे ठेवला आहे, याची चौकशी कोणी केली नाही.

वही वेगळी, कणगी वेगळी

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्या. संगणकात फोटो किंवा गाण्यांचा जो संग्रह आपल्याला दिसतो, त्याचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष फोटो, गाणी, चित्रफिती. ही झाली कणगीतली ज्वारी. दुसरा भाग म्हणजे त्यांची यादी : कोणते गाणे कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कोणत्या फोटोत कोण आहे, आवडीची गाणी कोणती. ही झाली वही. गाणी वाजवणारा आणि फोटो दाखवणारा कार्यक्रम आपल्याला दाखवतो ती वही. ज्वारी तो दाखवत नाही.

प्रणाली बदलली की पुष्कळदा ही वहीच हरवते, किंवा वहीतले पत्ते चुकीचे होतात. वही पेटली म्हणून कणगी रिकामी होत नाही. पण वही कोरी दिसताच माणूस घाबरतो, सगळे गेले असे समजून नवीन माल भरायला लागतो, आणि तिथे खरे नुकसान होते.

पिकासा या गुगलच्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. अनेक घरांत लग्नाचे, जत्रेचे फोटो त्यात लावलेले होते. गुगलने २०१६ साली पिकासा बंद केले. नव्या संगणकावर ते नसते, म्हणून अल्बमही दिसत नाहीत. परंतु पिकासाने फोटो स्वतःच्या पोटात कधीच ठेवले नव्हते. ते जिथल्या तिथे फोल्डरमध्येच असत. त्याची वही वेगळ्या जागी होती, तेवढी गेली.

पहिले काम : हात थांबवा

शेतात कानातले फूल पडले तर त्या वावरात आपण लगेच नांगर घालत नाही. आधी जिथल्या तिथे थांबून शोधतो. संगणकाचेही तसेच आहे.

संगणकातून फाइल पुसली जाते तेव्हा ती जागा लगेच कोरी होत नाही. 'ही जागा आता मोकळी आहे' अशी फक्त खूण केली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर खाली शिल्लक असतो. म्हणून फोटो दिसत नाहीत असे कळताच नवे सिनेमे, नवे खेळ, नवे कार्यक्रम भरणे ताबडतोब बंद करा. 'डिस्क साफ करा' असे बटण दिसले तरी दाबू नका.

ही सवलत जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला अधिक लागू आहे. नव्या संगणकांत एसएसडी नावाची डिस्क असते. ती मोकळी झालेली जागा स्वतःच आतून झाडून पुसून ठेवते. तिथे पुसलेले परत मिळण्याची आशा फार कमी. म्हणून आपल्या संगणकात कोणती डिस्क आहे, हे दुकानदाराला विचारून घ्या.

शोध कोठे आणि कसा घ्यावा

खालील क्रमानेच जा. उडी मारू नका.

१. कणगी जड आहे का ते पाहा. 'धिस पीसी' उघडले की प्रत्येक ड्राइव्हमध्ये किती जागा भरली आहे ते दिसते. डी ड्राइव्ह पूर्वी अर्धा भरलेला होता आणि आजही तेवढाच भरलेला दिसतो, तर आपला माल आत आहे असे समजावे. फक्त वही नवी करायची आहे.

२. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचे फोल्डर आहे का पाहा. जुन्या प्रणालीवर नवी चढवली की जुना संसार या फोल्डरमध्ये बांधून ठेवला जातो. त्यात 'यूजर्स', त्यात आपले जुने नाव, आणि त्यात फोटो, गाणी, चित्रफितींची जुनी फोल्डरे असतात. मात्र हे गाठोडे कायमचे नसते. साधारण १० दिवसांनी संगणक ते आपोआप काढून टाकतो. म्हणून प्रणाली बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी करा. पंधरवड्यानंतर केलेली तपासणी व्यर्थ जाते. सापडेल ते उचलून न नेता त्याची प्रत करा. प्रत नीट उघडली, की मगच पुढचा विचार.

३. ड्राइव्हचे अक्षर बदलले आहे का पाहा. पूर्वीचा डी आता ई झाला, तर वहीतले सगळे पत्ते चुकतात. गाव तेच, घर तेच, पण गल्लीचे नाव बदलल्यावर पोस्टमन जसा परत जातो, तसे होते. 'डिस्क मॅनेजमेंट' या जागी जाऊन जाणत्या माणसाकडून जुने अक्षर परत देता येते. अक्षर जुळले की गाण्यांची यादी पुष्कळदा एका क्षणात जिवंत होते.

४. नवे खाते उघडले गेले आहे का पाहा. एकाच संगणकात दोघांची नावे असली की दोघांचे फोटो वेगळ्या खोल्यांत राहतात. नव्या नावाने आत गेल्यावर जुन्या नावाची खोली दिसत नाही. सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये जुने नाव सापडते. परवानगी मागितल्यास घरातल्या ज्याच्याकडे मुख्य खाते आहे, त्याने ती द्यावी.

५. वनड्राइव्ह पाहा. विंडोज ११ मध्ये फोटोंचे फोल्डर पुष्कळदा इंटरनेटवरच्या या कोठारात नेले जाते. मग नेहमीच्या जागी रिकामे दिसते. फोटोशेजारी ढगाची खूण असेल, तर मूळ प्रत इंटरनेटवर आहे आणि उघडण्यास इंटरनेट लागेल. हे कोठार फुकटात ५ जीबीचेच आहे, हेही ध्यानात ठेवा.

६. तरीही न सापडल्यास सगळ्या डिस्कवर शोध लावा. शोधाच्या चौकटीत चांदणीची खूण, मग टिंब आणि मग इंग्रजीत जेपीजी ही अक्षरे लिहिली की सगळे फोटो वर येतात. गाण्यांसाठी एमपी३, मोबाइलवरच्या आवाजासाठी एएमआर किंवा एम४ए, चित्रफितीसाठी एमपी४ ही अक्षरे घ्यावीत. लपवलेली फोल्डरे दाखवण्याची सोय आधी चालू करावी.

सहाही ठिकाणे पाहायला एक सायंकाळ पुरते.

खरोखरच पुसले गेले असेल तर

वर सांगितलेल्या माउलीच्या घरी असेच झाले होते. दुकानात सी ड्राइव्ह पूर्ण पुसून नवी प्रणाली घातली होती, म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून मुलाने दोन दिवसांत पाचसहा सिनेमे भरले होते. तिसऱ्या दिवशी संगणक बंद करून ठेवला गेला, ते बरे झाले. डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीची होती.

अशा वेळी डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकाला जोडावी, आणि फोटोरेक यासारखा मोफत कार्यक्रम चालवावा. नाव फोटोचे असले तरी तो गाणी, आवाज, चित्रफितीही शोधतो. फोल्डरांची यादी न पाहता तो डिस्कची जागा कणाकणाने चाळतो आणि फाइलच्या आरंभाच्या खुणेवरून तिला ओळखतो. एक नियम मात्र पाळलाच पाहिजे : सापडलेला माल त्याच डिस्कवर कधीही उतरवू नये. दुसरी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घ्यावा. नाहीतर एक पोते शोधताना दुसरे पायाखाली तुडवले जाते.

त्या घरी अकरांपैकी सात ओव्या सापडल्या. फोटोरेक जुनी नावे परत देत नाही, नुसते आकडे देतो. म्हणून सुनेने एकेक ओवी ऐकून कोणती कोणती ते लिहून घेतले. त्याला दोन संध्याकाळी गेल्या. आणखी दोन ओव्या चिंचवडला राहणाऱ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये निघाल्या, कारण पूर्वी कधीतरी त्याला व्हॉट्सअॅपवर धाडल्या होत्या. उरलेल्या दोन गेल्या त्या गेल्या. त्यांच्या जागेवर सिनेमे बसले होते.

यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. हात लवकर थांबवला तर अधिक मिळते. आणि आपल्या घरी हरवलेले पुष्कळदा नातेवाइकांच्या घरी सापडते. मामा, आत्या, पुण्या-मुंबईची भावंडे, लग्नाचा छायाचित्रकार, सगळ्यांना विचारा. मात्र व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ जसाच्या तसा येतो.

फाइल आहे, पण उघडत नाही

काही वेळा फाइल सापडते, पण वाजत नाही. ती खराब झाली असे ठरवून टाकू नका. जुन्या साध्या मोबाइलवरचे आवाज एएमआर आणि चित्रफिती ३जीपी या प्रकारच्या असत. नव्या संगणकातला वाजवणारा कार्यक्रम त्या ओळखत नसेल. व्हीएलसी हा मोफत कार्यक्रम घालून पाहा. तो बहुतेक जुने प्रकार वाजवतो.

दुसरी अडचण मराठीची. गाण्यांच्या, कीर्तनांच्या याद्या कोणी जुन्या मराठी टंकात लिहून ठेवल्या असतील, तर नव्या संगणकावर तिथे इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसतो. अक्षरे मेलेली नसतात. तो टंक नव्या संगणकात नसतो इतकेच. जुना टंक घातला की मराठी परत दिसते. त्यानंतर ती यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढच्या बदलात हा त्रास होणार नाही.

ताळा घेतल्याशिवाय काम पुरे समजू नका

सातबारा संगणकावर गेला तेव्हा हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा यांत फरक निघाले, आणि २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करून ते तपासावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. घरच्या संग्रहाचेही असेच चावडी वाचन करावे. सगळे कुटुंब एकत्र बसवा. कोणत्या लग्नाचे, कोणत्या सालच्या जत्रेचे, कोणत्या पिकाचे फोटो होते, ते वडीलधाऱ्यांना विचारा. साल धरून फोल्डर करा. फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख बहुधा असते, तिचा उपयोग होतो. प्रत्येक फोल्डरमधले दोनचार फोटो आणि एखादी चित्रफीत उघडून पाहा. नुसते नाव दिसले म्हणजे फाइल चांगली आहे असे नव्हे.

आजोबांच्या शेजारी उभा असलेला माणूस कोण, हे आज आजी सांगू शकते. ते नाव आजच लिहून ठेवा. ही वही कोणताही संगणक परत देऊ शकत नाही.

वाण एका घरात ठेवू नये

मोठ्यांचेही असे नुकसान झाले आहे. अमेरिकेतील मायस्पेस या प्रसिद्ध संकेतस्थळावर जगभरच्या कलावंतांनी आपली गाणी ठेवली होती. यंत्रसामग्री बदलताना २०१५ पर्यंतची बारा वर्षांची गाणी, फोटो आणि चित्रफिती नाहीशा झाल्या, हे मार्च २०१९ मध्ये जगजाहीर झाले. गाण्यांचा अंदाज ५ कोटींच्या वर सांगितला गेला. पुढच्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी पुन्हा उपलब्ध केली. ती कशी मिळाली? काही अभ्यासकांनी २००८ ते २०१० या काळात आपल्या कामासाठी त्यांच्या प्रती करून ठेवल्या होत्या. शंभरातले जेमतेम एक गाणे वाचले, तेही दुसऱ्याच्या घरी प्रत होती म्हणून.

याउलट आपल्याकडचे उदाहरण पाहा. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकांनी त्यांची संगणकावर नोंद आणि ध्वनिमुद्रणे केली. पॉइत्वाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. संगणकाच्या तर या काळात कितीतरी पिढ्या बदलल्या. तरी ओव्या टिकल्या, आणि ग्रामीण भारताचा संग्रह करणारी 'पारी' ही संस्था त्या ओव्या आज जगापुढे ठेवत आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणीतरी त्या जुन्या जागेतून नव्या जागेत हाताने आणि लक्षपूर्वक नेल्या, म्हणून त्या राहिल्या.

आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान वाण जपले, ते नुसते मडक्यात झाकून नव्हे. इतरांना पेरायला देऊन जपले. एका घरचे बियाणे भुंग्याने खाल्ले तरी दुसऱ्या घरी ते उगवलेले असते. फोटो आणि आवाज यांनाही हाच नियम लावा :

१. तीन प्रती ठेवा. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी, म्हणजे लेकीकडे, भावाकडे किंवा इंटरनेटच्या कोठारात.

२. बाहेरची डिस्क सतत जोडून ठेवू नका. वीज पडली किंवा विषाणू शिरला तर दोन्ही एकदमच जातील. काम झाले की काढून कोरड्या जागी ठेवा.

३. दर वर्षी दिवाळीची साफसफाई होते तेव्हा डिस्क जोडून पाहा आणि नवे फोटो त्यात घाला.

४. प्रणाली बदलण्याआधी प्रत करा, मगच संगणक दुकानात द्या. साध्या यूएसबी जोडणीवर १०० जीबीला साधारण एक तास लागतो. मध्येच वीज गेली तर प्रत अर्धवट राहते, म्हणून भारनियमनाची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टरवर काम करा.

५. दुकानदाराला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या : 'डी ड्राइव्हला हात लावू नये, सी ड्राइव्ह पुसण्याआधी विचारावे.'

६. खात्याचे नाव, परवलीचा शब्द आणि डिस्कला कुलूप असेल तर तिची ४८ आकडी किल्ली घरच्या वहीत लिहून ती वही सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवा. ही किल्ली नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतले काहीच उघडत नाही.

बंधू-भगिनींनो, पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. वडिलांचा आवाज, आईचा जात्यावर बसलेला फोटो, लेकीच्या पाठवणीची चित्रफीत, यांना दुसरा हंगाम नाही. हे वाचून झाल्यावर घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला बोलवा, आणि आपल्या संगणकातले सर्वांत मोलाचे असे दहा फोटो व एक आवाज आज रात्रीच दुसऱ्या जागी उतरवून घ्या. बाकीचे सावकाश होईल.